चांदटोल्याचं इंजिन

“आपल्या खानदानात कोण्या बाईनं गाडी चालवली, सांग मले,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

“मी चालवली,” ओसरीवरून आत्याबाईचा आवाज आला. “अन् गाडी नाही, इंजिन.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. घरात कोणतंही लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की आत्याबाई पाय पसरून बसायची आणि चांदटोल्याच्या खाणीत आपण रेल्वेचं इंजिन कसं चालवलं ते सांगायची. ड्रायव्हरला भोवळ आली, मागे मँगनीजने भरलेले बारा डबे, समोर उतार, आणि ही एकवीस वर्षांची बाई एकटीने ते इंजिन साईडिंगपर्यंत, म्हणजे माल उतरवायच्या रुळापर्यंत, घेऊन गेली. तिथे खाणीच्या मोठ्या साहेबाने टोपी काढून तिला सलाम केला. ऐकणारे हसायचे. खरं कोणीच मानत नव्हतं. मीसुद्धा नाही.

मे महिन्यातला शनिवार होता तो. मी तेवीस वर्षांची होते. एसटीत बायकांची ड्रायव्हर म्हणून भरती निघाली होती, मी अर्ज केला होता आणि माझं नाव यादीत आलं होतं. सोमवारी सकाळी ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. त्यासाठी बाबांची सही लागत नव्हती, पण त्यांना न विचारता घराबाहेर पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती. आणि खरं सांगायचं तर गाडी मला त्यांनीच शिकवली होती. त्यांच्याकडे एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो होता, त्यातून ते गावचं धान तुमसरच्या बाजारात न्यायचे. कंबर दुखायला लागली तेव्हा त्यांनी मला शेताच्या रस्त्यावर बसवून ती गाडी शिकवली, लायसन काढून दिलं.

“तुम्हीच तर शिकवलं,” मी म्हणाले.

“धानाचे कट्टे न्यायले शिकवलं. कट्टे पडले तर कट्टे पडतात, उचलून ठेवता येतात. एसटीत पन्नास जीव असतात, दीपा. एखाद्या दिवशी काही झालं तर लोक तुले नाही, मले विचारतील.”

“माह्या मागे बारा डबे होते,” आत्याबाई ओसरीवरून म्हणाली.

बाबा उठले आणि दारात गेले. तिच्याहून ते चौदा वर्षांनी लहान, त्यामुळे तिच्यासमोर आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

“बाई, चांदटोला इथून किती लांब?”

“असंल दीड-दोन तास. काहून?”

“उद्या जाऊ. तू मले दाखव कुठं चालवलं, कसं चालवलं. खरं निघालं तर पोट्टीले जाऊ देतो. खोटं निघालं तर ही गोष्ट तू पुन्हा काढायची नाही, अन् हिनं एसटीचं नाव काढायचं नाही.”

आत्याबाईने अंगावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “तिथं आता कोणी नाही, ग्यानी. खाण बंद होऊन तीस-बत्तीस वर्षं झाली. ओसाड आहे सगळं.”

“रूळ तर असंल.”

“रूळ भंगारवाल्यांनी नेले असतील.”

“मग जागा तर असंल.”

आई मामाकडे लग्नाला गेली होती, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. मला मात्र त्या रात्री झोप छान लागली. आत्याबाईची गोष्ट खोटी असेल असं मला वाटत होतं खरं, पण ती तिथे जाऊन काहीतरी नक्की जमवेल, याची मला खात्री होती. तिचं नाव सत्यफुला. नावाप्रमाणे वागायची तिने कधी फारशी काळजी केली नव्हती, पण हरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

सकाळी सातला निघालो. पुढे बाबा आणि आत्याबाई, मागे माल ठेवायच्या उघड्या डाल्यात मी, पोतं अंथरून. केबिनच्या मागच्या खिडकीची काच केव्हाच फुटली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. पहिला तासभर डांबरी रस्ता होता आणि आत्याबाई गप्प होती. मग आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना पावसाने कापून काढलेल्या लाल मातीच्या घळ्या, मध्येच पळसाची झाडं, आणि लांबवर काळे काळे ढिगारे. खाणीतून काढून टाकलेला माल होता तो. त्याच्यावर गवतसुद्धा उगवलेलं नव्हतं.

ढिगारे दिसायला लागले तशी आत्याबाई बोलायला लागली.

“बारा डबे म्हणजे काही मोठे डबे नव्हते बरं, ग्यानी. छोटे डबे राहत. आपल्या बैलगाडीएवढे.”

“बरं.”

पहिला नाला आला. बाबांनी गाडी हळूच उतरवून पलीकडे काढली.

“अन् बारा तर रोज जात. त्या दिवशी सहाच होते वाटते.”

“बरं.”

दुसऱ्या नाल्याशी ती म्हणाली की डबे रिकामे होते. तिसऱ्या नाल्याच्या अलीकडे मोठ्या साहेबाने सलाम केला नव्हता, नुसता हात वर केला होता. कदाचित माशी हाकलायला. मी मागे बसून तोंडात ओढणी कोंबली, कारण हसू आलं असतं तर बाबांना वाटलं असतं की मीही त्यांच्या बाजूने झाले. पण हसता हसता मी मोजतही होते. साईडिंग अजून यायचं होतं आणि डबे संपत आले होते.

“ग्यानी,” आत्याबाई एकदम म्हणाली, “ऊन लई झालं. वापस जाऊ. त्या दगडांत काय पाहायचं आहे?”

“आलो आहे तर पाहून घेऊ,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मला मजा ऐकू आली. ते सहसा मजा घेत नसत.

शेवटचं वळण संपलं आणि चांदटोला दिसला.

मी ओसाड गाव कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं पडक्या भिंती असतील, धूळ असेल. तिथे एक सबंध रस्ता होता, रुंद, सरळ, चढावर जाणारा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या लांबच लांब ओळी. छपरं कुठेच नव्हती. दारं-खिडक्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या होत्या. प्रत्येक घराच्या आत एखादं झाड वाढलं होतं, कुठे कडुनिंब, कुठे बोर, जणू घरात माणसांच्या जागी झाडंच राहायला आली होती. एका ओट्यावर मोर उभा होता. आमची गाडी पाहून तो उडाला नाही, सावकाश चालत आतल्या खोलीत गेला.

बाबांनी गाडी थांबवली. आत्याबाई उतरली, आणि तिचं सगळं घाबरणं कुठल्या कुठे गेलं.

“ही माही लाईन,” ती म्हणाली. “तिसऱ्या लाईनीतलं सातवं घर.” पदर खोचून ती पुढे निघाली, आम्ही मागे. सातव्या घरात बोरीचं झाड होतं. तिने त्याची दोन सुकलेली बोरं तोडून तोंडात टाकली. “माह्या चुलीजवळ उगवली पहा ही,” ती म्हणाली, जशी काही तीच पेरून गेली होती.

मग तिने आम्हाला सगळं गाव दाखवलं. दवाखाना, त्याच्या भिंतीवर अजून ‘शांतता राखा’ लिहिलेलं होतं. शाळा. बाजाराची जागा. एक उंच पांढरी भिंत, तिच्यावर दर महिन्याला सिनेमा दाखवत. माणसं एका बाजूला बसत आणि बाया दुसऱ्या बाजूला, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी जागेवरून भांडणं होत ती वेगळीच. भोंगा वाजला की कुठून कुठे लोक धावत, ते तिने धावून दाखवलं. सहासष्ट वर्षांची बाई त्या मोकळ्या रस्त्यावर पळत होती आणि आपलं सगळं ओरडून सांगत होती, आणि बाबा तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की मला वाटलं, आपलं काम होतंय.

“अन् इंजिन?” बाबांनी विचारलं.

आत्याबाई थांबली. “तिकडं,” तिने हात केला, पण पाय उचलला नाही.

तेवढ्यात घंटा वाजली. आम्ही तिघंही दचकलो. वरच्या ओळीतून बकऱ्या उतरून आल्या, वीस-पंचवीस, आणि त्यांच्यामागे एक म्हातारा, खांद्यावर काठी आडवी, अंगात बनियन. तो छत्तीसगढी माणूस होता, ते त्याच्या बोलण्यावरून लगेच कळलं. त्या खाणीत तिकडची बरीच माणसं कामाला असत.

“कोण आहे? भंगारवाले असाल तर काही उरलं नाही, भाऊ. मी एकटा उरलो,” तो म्हणाला.

मग त्याने डोळ्यांवर हात धरला आणि आत्याबाईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आत्याबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला, जवळजवळ नाकापर्यंत.

“सत्यफुलाबाई,” म्हातारा म्हणाला. “इंजिन बुडवणारी.”

एक बकरी माझी ओढणी चावायला लागली.

“बुडवणारी?” बाबा म्हणाले.

“बिसाहूभाऊ,” आत्याबाई पदराच्या आतून म्हणाली, “तुम्ही अजून इथंच?”

“तर कुठं जाऊ? पंपाचं घर आहे, पाणी आहे, बकऱ्या आहेत. माझी बुढी बेटीकडं गेली आहे, येईल परवा.” मग ते बाबांकडे वळले. “चला, तुम्हाला दाखवतो. नशीबवान आहात. मे महिन्यातच दिसते ते.”

ते पुढे चालायला लागले. बाबा त्यांच्या मागे, मी बाबांच्या मागे, आणि बरंच अंतर ठेवून आत्याबाई. काळ्या खड्यांची वाट होती, चपलेखाली ते कुरकुर वाजत होते. वाट संपली तिथे जमीन एकदम खाली गेली होती. खाली जुनी खाण होती, पाण्याने भरलेली. एवढं हिरवं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. उतार थेट त्या पाण्यात जात होता, आणि काठापासून वीसेक हातांवर पाण्याच्या वर काहीतरी गंजलेलं, चौकोनी दिसत होतं. त्याच्यावर एक पाणकोंबडी बसली होती.

“ते इंजिनाचं टप आहे,” बिसाहूबाबा म्हणाले. “बाकीचं खाली आहे.”

सोमवार गेला, असं मला स्पष्ट वाटलं. मी बाबांकडे पाहायचं टाळलं.

आत्याबाई शेवटी आली आणि उताराच्या तोंडाशी एका दगडावर बसली. पदर तिने खाली घेतला होता.

“सांगते,” ती म्हणाली. “ड्रायव्हरले भोवळ वगैरे काही आली नव्हती. हे ड्रायव्हर होते, अन् धडधाकट होते. आम्ही बाया माल निवडत बसू. दिवसभर खाली मान घालून दगड निवडायचे, काळा इकडं, पांढरा तिकडं. अन् हे इंजिन भोंगा वाजवत समोरून जाई. मले वाटे, आपण पण एकदा मान वर करून असं जावं. जेवणाच्या सुट्टीत मी यांच्या मागे लागली. मले शिकवा म्हटलं.”

“महिनाभर मागे लागली होती,” बिसाहूबाबा म्हणाले. “मी नको म्हणे, तर भाकर घेऊन इंजिनाजवळच जेवायला बसे. शेवटी शिकवलं. दहा-बारा दिवस, जेवणाच्या सुट्टीत, कोणी पाहणार नाही असं. हात चांगला होता हिचा. सांगितलेलं एकदाच सांगावं लागे.”

“मग एका दिवशी हे जेवत होते,” आत्याबाई म्हणाली, “अन् बायांनी मले चिडवलं. म्हणे, ड्रायव्हर बसला आहे बाजूला म्हणून जमते, एकटीनं नेऊन दाखव. मी गेली. चढली. चालू केलं. डबा एकही नव्हता मागं, ग्यानी. ह्या रुळाच्या पट्टीवर इंजिन आणलं, अन् काय सुंदर आलं ते. बाया उभ्या राहून पाहत होत्या.” तिने खाली पाण्याकडे बोट केलं. “मग रूळ संपला.”

“उडी मारली हिनं,” बिसाहूबाबा म्हणाले. “त्या ढिगावर. चुऱ्याचा ढीग होता. उठली तेव्हा डोळे सोडून सगळी काळी. अन् इंजिन हळूहळू उतरलं, पाण्यात गेलं, अन् वर बुडबुडे.”

“साहेबानं चौकशी केली,” आत्याबाई म्हणाली. “तर यांनी सांगितलं, मीच होतो इंजिनावर, माह्या हातून झालं. सगळ्या बायांनी पण तेच सांगितलं. यांचं इंजिन गेलं. दुसरं इंजिन आलं ते दुसऱ्याले दिलं. हे पंपावर गेले, पाणी उपसायले. खाण बंद होईपर्यंत तिथंच.” ती बिसाहूबाबांकडे वळली. “त्यानंतर मी तुमच्याशी बोलली नाही, भाऊ. तुमच्या लाईनीतून जायचं सोडलं. लाज वाटे. पाया पडते, माफ करा मले.”

ती खरोखरच वाकली. बिसाहूबाबा मागे सरकले, काठी आडवी धरून.

“पाया कशाला पडता. ऐका. त्या वेळी मी तेहतीस वर्षांचा होतो. लग्न नव्हतं. दिवसभर इंजिनावर, कोणती पोरगी पाहील मला, अन् मी कोणाला पाहू? पंपावर गेलो, तर आठ दिवसांत एक पोरगी हंडा घेऊन पाणी भरायला आली. तीच ही बुढी. चार लेकरं झाली. इंजिनावर राहिलो असतो तर अजून एकटाच भोंगा वाजवत बसलो असतो.”

आत्याबाईने डोळे पुसले. बाबा अजून पाण्याकडेच बघत होते. मी बघत होते त्यांच्या पाठीकडे. ती पाठ हलायला लागली. मला वाटलं, रागाने. मग ते खाली बसले, त्या काळ्या खड्यांतच बसले, आणि मी पाहिलं, ते हसत होते. माझे बाबा हसले की ओठ थोडा वाकडा व्हायचा, तेवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांची टोपी पडली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाण्यातली पाणकोंबडी उडून गेली.

“पन्नास वर्षांचा झालो ऐकता ऐकता,” ते कसेबसे म्हणाले. “अन् एवढा चांगला भाग लपवून ठेवला बाईनं.”

बिसाहूबाबा आम्हाला पंपघरात घेऊन गेले. तिथे त्यांनी बकरीच्या दुधाचा चहा केला. चहाला वास होता, पण मी दोन कप प्यायले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. बाबांचं हसणं थांबलं होतं. ते कप धरून विचार करत होते, आणि तो विचार मला ओळखीचा होता. पावसाआधी आभाळाकडे बघून धान भरायचं की नाही ते ठरवताना ते असेच बसायचे.

“म्हणजे खोटंच होतं,” ते म्हणाले.

“चालवलं तर होतं,” मी म्हणाले.

“बुडवलं पण. माणसं असती मागं तर?”

आत्याबाईने नजर खाली घातली. कसली माणसं, कसली गाडी, हे बिसाहूबाबांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना थोडक्यात सांगितलं. एसटी, ट्रेनिंग, सोमवार, आणि काल रात्री ठरलेली शर्त. ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

“चूक हिची नव्हती,” ते शेवटी म्हणाले. “हे मी साहेबाला पण सांगू शकलो नाही, कारण मग शिकवलं ते पण सांगावं लागलं असतं. मी हिला चालू करणं शिकवलं. पुढं नेणं शिकवलं. भोंगा वाजवणं शिकवलं, कारण तो हिला पहिल्या दिवसापासून वाजवायचा होता. थांबवणं मी दुसऱ्या दिवशी शिकवणार होतो.”

आत्याबाईने मान वर केली. “काय?”

“रोज शेवटी मीच थांबवत होतो ना, बाई. तुमच्या लक्षात नाही आलं. ब्रेकचा दांडा माझ्या बाजूला होता. तुम्हाला वाटे, ते आपोआप थांबते.”

“पंचेचाळीस वर्षं,” आत्याबाई सावकाश म्हणाली, “मी समजत होती का मी घाबरली म्हणून मले सापडला नाही.”

“सापडणार कसा. दाखवलाच नव्हता.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“दीपा, त्या ट्रेनिंगमध्ये किती दिवस शिकवतात?”

“वर्षभर.”

“अन् थांबवणं?”

“तेच आधी शिकवत असतील, बाबा.”

“असतील म्हणजे? विचारलं नाहीस तू?”

“नाही.”

“विचारायला पाहिजे होतं.” ते उठले. “चल, बाहेर चल.”

त्या गावाचा मोठा रस्ता चढाचा होता, ते मी आधी सांगितलंच. बाबांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः बाजूला बसले, आणि म्हणाले, “अर्ध्या चढावर थांबव. मागं एक बोटभर जाऊ द्यायची नाही. मग पुन्हा उचल.” पहिल्यांदा गाडी हातभर मागे गेली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा थांबली, पण झटका बसून बाबांचं डोकं काचेला लागलं. “पन्नास डोकी लागली आता,” ते म्हणाले. “पुन्हा.” मी पुन्हा केलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आत्याबाई आणि बिसाहूबाबा बसले होते, आजूबाजूला बकऱ्या, आणि प्रत्येक वेळी ते दोघं आपला निकाल द्यायचे. “गेली मागं,” असं आत्याबाई म्हणे. “नाही गेली, तुमचा चष्मा गेला,” असं बिसाहूबाबा म्हणत. अख्ख्या गावात ना माणूस, ना सायकल, ना कुत्रं. गाडी शिकायला याहून चांगली जागा मी नंतर कधी पाहिली नाही, ट्रेनिंगमध्येसुद्धा नाही.

चौदाव्या की पंधराव्या वेळी बाबांनी डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. मी थांबवली, उचलली. पाणी हललं, सांडलं नाही.

बाबांनी पेला उचलून पाणी पिऊन टाकलं.

“सोमवारी तुमसरवरून पहिली गाडी किती वाजता आहे?” त्यांनी विचारलं.

मी त्या सोमवारी गेले. ट्रेनिंग वर्षभराचं म्हणून ठरलं होतं, मध्ये अडचणी आल्या, ते लांबलं, पण झालं. आता मी रोज एसटी चालवते. बाबा अजून एकदाही माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले नाहीत. ते अगदी मागे बसतात आणि उतरताना प्रत्येक ब्रेकचा हिशोब सांगतात. पण हे नंतरचं झालं. त्या दुपारचं अजून थोडं सांगायचं राहिलं आहे.

आम्ही निघायची तयारी करत होतो. मी खाली उतरले आणि पाहते तर आत्याबाई ड्रायव्हरच्या बाजूने गाडीत चढत होती.

“बाई,” बाबा म्हणाले, “तिकडून नाही, इकडून.”

“इकडूनच,” ती म्हणाली आणि स्टिअरिंग धरून बसली. “दीपा, तू बाजूले बैस. मले फक्त हे दाखव, कोणतं काय आहे. अन् थांबवायचं पहिले दाखव.”

“बाई, नको.”

“तू चूप बैस, ग्यानी.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला बसले. तिला मी आधी ब्रेक दाखवला, मग क्लच, मग पहिला गिअर. बिसाहूबाबा म्हणाले होते ते खरं होतं, तिला एकदाच सांगावं लागत होतं. दवाखान्यासमोर रस्ता सपाट होता. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा माणसाच्या चालीने पुढे निघाली. मी हँडब्रेकवर हात ठेवला होता.

तेव्हा मला दिसलं की बिसाहूबाबा उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आहेत. आमच्यापासून पन्नास पावलं असतील. काठी त्यांनी खाली टाकली होती आणि उजवा हात वर केला होता, लाल झेंडी धरल्यासारखा.

“भाऊ, बाजूले व्हा,” बाबा ओरडले.

ते झाले नाहीत.

आत्याबाईच्या कपाळावर घाम आला होता. दोन्ही हातांनी तिने स्टिअरिंग असं धरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. चाळीस पावलं. तीस. गाडी अगदी हळू होती, पण त्या वाटेवर समोर म्हातारा माणूस असला की हळूसुद्धा फार वाटतं. वीस. माझी बोटं हँडब्रेकवर घट्ट झाली. मी तिच्या पायाकडे पाहिलं. चप्पल काढून ठेवलेला तिचा पाय ब्रेकच्या वर येऊन थांबला होता, वाट बघत.

मी हँडब्रेक ओढला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

दहा पावलं राहिली तेव्हा तिने पाय दाबला. गाडी एकदा पुढे वाकली, धडधडली आणि बंद पडली. बिसाहूबाबांच्या बनियनमध्ये आणि गाडीच्या नाकामध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती. ते हलले नव्हते. मागे बाबा डोक्याला हात लावून रस्त्यात बसले होते.

बिसाहूबाबांनी हात खाली घेतला आणि चालत खिडकीशी आले.

“थांबली,” ते म्हणाले.

“थांबली ना,” आत्याबाई म्हणाली. तिने स्टिअरिंगवरचे हात काढले, साडीला पुसले आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. मग ती माझ्याकडे वळली.

“आता मागं कशी घेतात ते सांग.”